नव्या टायरांचा माग

१

टायर घ्यायला अल्विन पास्कोला दोन वर्षं आणि चाळीस मिनिटं लागली. दोन वर्षं स्टाव्हच्या दुकानाच्या दारात पाऊल टाकायला, आणि चाळीस मिनिटं आत गेल्यावर.

दुकान होतं तसंच होतं. रबराचा तोच उग्र वास, भिंतीवर तेच जुनं कॅलेंडर, आणि काउंटरमागे स्टाव्ह, पोट तेवढं आणखी पुढे आलेलं. अल्विनला बघताच त्यानं हातातला पाना खाली ठेवला. घरात मरण झालेल्या माणसाशी बोलायच्या आधी लोक असे हात रिकामे करतात. अल्विनला ते आता ओळखू यायला लागलं होतं.

"ये म्हाताऱ्या," स्टाव्ह म्हणाला. "मला वाटलं, गाडी विकून सायकल घेतलीस."

"उत्तरेला जायचंय. टॅरंट ट्रॅकच्या कच्च्या रस्त्यानं, टेगनकडे."

"टेगननं बोलावलं?"

"स्वतःहून फोन केला. शनिवारी तिचा नवरा लॅकी गुरं गोळा करायला रानात जातोय, आठ दिवस. ती एकटी, आणि बारा दिवसांचं बाळ. शुक्रवारी संध्याकाळी याल का म्हणाली."

स्टाव्हनं मान डोलावली. त्याला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात अल्विन ह्याच काउंटरला टेकून उभा होता. त्याला आणि बायकोला, ग्लेनिसला, टॅरंट ट्रॅकनं जायचं होतं, तीस वर्षं घोकलेली सहल, आणि तासाभरात येतो असं सांगून तो टायर बघायला आला होता. चिखलाचे घ्यावेत की सगळ्या रस्त्यांना चालणारे, कड किती जाड असावी, रुंद बरे की अरुंद, ह्यावर दोघांनी तीन तास तोंडाची वाफ दवडली. घरी ग्लेनिस स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती. डॉक्टर म्हणाले, ती बराच वेळ शुद्धीवर असणार. दफनाच्या दिवशी टेगन सगळ्यांसमोर म्हणाली, "आई वाट बघत होती, आणि तुम्ही टायर बघत होतात." त्यानंतर परवाच्या फोनपर्यंत बापलेकीत शब्द नव्हता.

"हे घे," स्टाव्हनं एक टायर गडगडत पुढे आणला. त्यावर बाणाच्या टोकासारखे ठोकळे होते. "कड बघ. दगडाच्या बापाला दाद द्यायचा नाही. कालच पेटी फोडली. ह्या मुलखात ही नक्षी अजून एकाही गाडीला नाही."

"चारच आहेत?"

"चारच. दोन अजून हवे असतील तर सोमवारपर्यंत थांब."

"सोमवारपर्यंत थांबत नाही. स्टेपनीला माझे जुनेच राहू देत."

"ते सरळ रेघांचे? ते शहरात बाजारहाट करायला ठीक आहेत रे. आणि जॅकखाली काय घालणार? तीच ब्रेड कापायची फळी?"

"तीच. तिला मूठ आहे. ओढून काढायला बरी पडते."

"ग्लेनिसनं तुला त्या फळीनंच बडवायला हवं होतं," स्टाव्ह म्हणाला, आणि त्यानं जीभ चावली. अल्विन हसला. दोन वर्षांत तिचं नाव कुणी असं सहज घेतलं नव्हतं, त्याला बरं वाटलं.

२

शुक्रवारी सकाळी सहा वाजता कॉपिन्स वेलच्या पंपावर तो एकटाच गिऱ्हाईक होता. पंप, त्यामागे खाणावळ, खाणावळीमागे चार पत्र्याच्या खोल्या, एवढंच गाव. पुढे दोनशे नव्वद किलोमीटर काही नाही.

रेलीन ही तिथली मालकीण. तिनं मटणाचा पाव कागदात बांधून दिला आणि थर्मासमध्ये चहा भरला.

"एकटाच?"

"एकटाच."

ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला अजून अर्धा क्षण जास्त लागत असे. रेलीनला ते दिसलं असावं, कारण तिनं पावाबरोबर केकचा एक तुकडाही घातला.

"नशीबवान आहेस," ती म्हणाली. "पावसानं तीन आठवडे ट्रॅक बंद होता. ग्रेडर मशीननं पार तुझ्या लेकीच्या फाटकापर्यंत रस्ता तासून काढला, काल दिवेलागणीला परत आला. इकडच्या फाटकाचं कुलूप मी आत्ता काढते. कोऱ्या रस्त्यावर पहिला माग तुझा."

"मध्ये कुठून गाडी शिरते का?"

"विमानातून पडली तर. डावीकडे दगड आहेत, उजवीकडे मिठाचं तळं. आणि हे बघ, रस्त्याचा मधला पट्टा सोडू नकोस. कडेची माती पिठासारखी झालीय. रुतलास तर लेकीला बाळ सोडून तुला खणायला यावं लागेल."

"पन्नास वर्षं गाडी चालवतोय मी."

"तेच म्हणते. पन्नास वर्षंवालेच रुततात."

फाटकाशी थांबून त्यानं चारही चाकांची हवा कमी केली, पस्तिसावरून सव्वीस. खडबडीत रस्त्यावर मऊ चाक बरं. टायर नवे होते, त्यांच्यावर साच्यातून निघताना राहतात ते रबराचे बारीक केससुद्धा अजून शाबूत होते. दिवसभराच्या दगडमातीत ते झडून जातात. अल्विननं एका केसाला बोट लावून बघितलं, आणि हे ग्लेनिसला दाखवायला हवं होतं असं त्याच्या मनात आलं.

३

चाळीस किलोमीटर रस्ता खरंच कोरा होता. ग्रेडरच्या पात्यानं तांबडी माती इस्त्री केल्यासारखी सपाट केलेली, आणि तिच्यावर पाखरांच्या पावलांशिवाय काही नाही. रेडिओवर खरखर होती, त्यानं बंद केला. शाळेची बस चालवायचा तो, एकतीस वर्षं. मागे पोरांचा कालवा नसला की आजही त्याला चुकल्यासारखं होई. ग्लेनिस शेजारी बसली की ती एकटी चाळीस पोरांची उणीव भरून काढी. आता शेजारच्या सीटवर मटणाचा पाव होता.

पहिली टेकडी उतरताना त्याला माग दिसला.

दोन चाकोऱ्या, सरळ उत्तरेला गेलेल्या. त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. रस्ता आहे, गाडी गेली असेल. रेलीनला काय, ती पहाटे झोपली असेल आणि कुणीतरी फाटकाला वळसा घालून गेला असेल. त्यानं सवयीनं चाकं त्या चाकोरीत घातली. ह्या मुलखात गाडी चालवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पुढच्याचा माग म्हणजे पुढच्यानं करून दिलेली पारख. तो रुतला नाही, तर आपण रुतत नाही.

पाच-सहा किलोमीटर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की माग टेकडीच्या पायथ्याशी सुरू झाला होता. त्याआधी रस्ता कोरा होता. डावीकडे दगड, उजवीकडे पिठासारखी माती. गाडी आली कुठून?

तो थांबला, उतरला. उन्हाचा कडाका अजून सुरू व्हायचा होता. माशा मात्र उठल्या होत्या. तो चाकोरीशी उकिडवा बसला.

बाणाची टोकं. एकामागे एक, नीट, धारदार. आणि दोन्ही कडांना, ठोकळ्यांच्या बाहेर, केसाएवढ्या बारीक रेघा.

त्यानं आपल्या टायरकडे बघितलं, मग मातीकडे, मग पुन्हा टायरकडे.

"स्टाव्ह, लबाडा," तो मोठ्यानं म्हणाला. "एकाही गाडीला नाही म्हणे."

दुकानदार सगळ्यांना तेच सांगतात. कालच कुणीतरी असलेच चार घेतले आणि त्याच्या पुढे निघाला. त्यात काय झालं? उलट बरंच झालं. दोनशे नव्वद किलोमीटरमध्ये दुसरं माणूस आहे म्हटल्यावर बरं वाटायला हवं. त्याला वाटत नव्हतं, हे त्यानं स्वतःला कबूल केलं आणि गाडीत बसला.

४

बाराच्या सुमाराला चाकोरी रस्त्याच्या मधोमध थांबली होती. म्हणजे ती गाडी तिथे थांबून पुढे गेली होती. मातीत बुटांचे ठसे होते, पुढे-मागे केलेले, एकाच माणसाचे. डाव्या मागच्या चाकाच्या जागेशी गुडघे टेकल्याच्या दोन खळग्या.

अल्विन उतरला. कुणाची तरी अडचण झाली होती, हे बघायला उतरावंच लागतं, तशी रीतच आहे. पुढे कुठे तो माणूस मदतीवाचून बसला असेल.

गुडघ्यांच्या खळग्यांशेजारी एक चौकोनी ठसा होता. जॅकखालच्या फळीचा. त्या चौकोनाच्या एका बाजूला वीतभर लांब, टोकाला गोल असा आणखी एक ठसा जोडलेला होता. मूठ.

तो ठशाकडे बराच वेळ बघत राहिला. फळ्या काय, सगळ्यांकडे असतात. मूठवाली फळीसुद्धा जगात एकच नसेल. मग त्याची नजर पुढे गेली. तिथून पुढे तीन चाकांचा माग बाणांचा होता आणि डाव्या मागच्या चाकाचा सरळ रेघांचा. शहरात बाजारहाट करायला ठीक असतात तसल्या.

त्याच वेळी त्याला पाठीमागे बारीक आवाज ऐकू आला. केटली उतू जायच्या आधी करते तसा.

त्याला वळून बघायचं नव्हतं. तो वळला. त्याच्या गाडीचं डावं मागचं चाक बसत चाललं होतं. कडेला बोटभर चीर होती आणि त्यातून हवा सुटत होती. दगडाच्या बापाला दाद न देणारी कड, आणि तिथे रस्त्यावर एक धड दगडही नव्हता.

टायर बदलायला पंचवीस मिनिटं लागली. फळी त्यानं मुद्दाम हातभर पुढे टाकली, त्या ठशापासून लांब. जॅक चढेना. माती तिथे सैल होती, फळी एका बाजूला खचली. पुन्हा टाकली, पुन्हा खचली. शेवटी जिथे माती दाबलेली होती तिथेच ती नीट बसली. ठशात ठसा, मूठसुद्धा. त्यानं नट आवळले, हत्यारं आवरली. सासष्टाव्या वर्षी, उन्हात, असले भास होणारच, असं तो स्वतःला समजावत होता आणि स्वतःच ते ऐकत नव्हता.

५

परत फिरावं का? मागे एकशे साठ, पुढे एकशे तीस. आणि परत फिरून रेलीनला काय सांगणार? चाकाचे ठसे बघून घाबरलो?

त्यानं सॅटेलाइट फोन काढला. टेगननं दुसऱ्याच रिंगला उचलला.

"बाबा? कुठवर आलात?"

"निम्मा रस्ता ओलांडला. चाक गेलं एक. बदललं. तुझ्याकडे कुणी आलंय का गं? गाडी वगैरे?"

"इथे कोण येतंय! सकाळपासून ह्या रस्त्यानं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. का?"

"काही नाही. रस्त्यावर माग दिसला."

"लॅकी आजच सकाळी निघाला, बाबा. उद्यापर्यंत थांबला असता, पण रानाच्या बाजूनं ट्रक आजच आला." मागे बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. "मी घाबरत नाही हां. नुसतं सांगतेय."

"येतो ना. चारेक तासांत."

"बाबा." तिनं बाळाला थोपटलेलं ऐकू आलं. "तेव्हा मी जे बोलले ना, चारचौघांत..."

"राहू दे."

"राहू दे कसं? दोन वर्षं राहूच दिलं. तुम्ही या. आल्यावर नीट बोलू. मला माझं माणूस हवंय घरात, बाबा. रात्री ही रडते तेव्हा मला काही कळत नाही, आणि विचारायला आई नाही."

फोन ठेवल्यावर अल्विन स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते येऊ दिलं. दोन वर्षांत त्याच्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं होतं, आणि ते देणं अजून त्याच्या हातात होतं. एकशे तीस किलोमीटर नीट गाडी चालवायची, एवढंच.

त्यानं गाडी मुद्दाम चाकोरीतून बाहेर काढली आणि रस्त्याच्या उजव्या अंगानं हाकली. मऊ मातीत चाकं डगमगली, पण चालली. दोनशे मीटर तो तसा गेला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग समोर बघितलं. पुढचा मागही उजव्या अंगाला सरकलेला होता, इथेच, आणि तिथेही थोडा डगमगलेला होता. तो पुन्हा मध्ये आला. मागही आला. त्यानंतर त्यानं खेळ केला नाही.

६

तीन वाजता उजव्या हाताला तळं दिसू लागलं. पाण्याचं नाव नाही, नुसती पांढरी पट्टी, आभाळाला टेकलेली. डोळे दिपत होते. काच वर करून तो चालवत होता, तरी तोंडात मिठाची चव होती.

तिथे माग फुटला. एक जोडी चाकोऱ्या रस्ता सोडून उजवीकडे, तळ्याच्या दिशेनं गेली होती. रस्त्यावरही माग पुढे गेलेला होता, पण तिथून तो दुहेरी झाला होता, एकावर एक चढलेला. अल्विननं वेग कमी केला. थांबायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, म्हणून तो पावलाच्या गतीनं चालवत राहिला, आणि त्यामुळेच त्याला ते दिसलं. त्याच्याच खिडकीखाली, हाताच्या अंतरावर.

पावलं होती. बूट नव्हते, अनवाणी. बाईची, लहान. तळ्याकडून मऊ मातीतून सरळ रस्त्याच्या कडेपर्यंत आलेली, आणि कडेला येऊन संपलेली. परत गेलेलं एकही नाही. डाव्या पायाचा ठसा स्वच्छ होता, पाचही बोटं मोजता येतील असा. उजव्या पायाचा ठसा नव्हताच, त्याच्या जागी नुसती ओढलेली रेघ होती. पाऊल, रेघ, पाऊल, रेघ.

मरायच्या आधी वर्षभर ग्लेनिस अशी चालत होती. अर्धांगाचा पहिला झटका हलका होता, उजवा पाय तेवढा ओढायची. स्वयंपाकघरात तिचा तो आवाज त्याला पाठ होता. चहा घेऊन ती येतेय की मोकळ्या हातानं, ते तो आवाजावरून ओळखायचा.

"नाही," तो म्हणाला.

त्यानं पाय दाबला. गाडीनं उसळी घेतली, मागे धुळीचा डोंगर उठला. त्यानं आरशात बघितलं नाही. टेगनचं नाव घेत, बाळाचं अजून ठेवलेलं नसलेलं नाव मनात शोधत तो चालवत राहिला. आपण तिला दुसऱ्यांदा सोडून चाललोय, हा विचार त्याच्या छातीवर बसला होता, आणि तरी त्यानं पाय उचलला नाही. ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम होतं.

७

अकरा किलोमीटरवर माग संपला.

रस्त्यात एक मोठा गोल काढलेला होता, गाडी वळवताना उमटतो तसा. चाकोऱ्या त्या गोलात शिरल्या होत्या आणि फिरून दक्षिणेकडे, आल्या वाटेनं परत गेल्या होत्या. म्हणून मागचा रस्ता दुहेरी होता. म्हणजे ती गाडीही पावलांशी थांबली नव्हती. तीही भरधाव निघून आली होती. इथपर्यंत.

गोलाच्या पलीकडे रस्ता कोरा होता. ग्रेडरच्या पात्याच्या बारीक रेघा, उन्हात तांबड्या, पार क्षितिजापर्यंत. त्याच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. साठ किलोमीटरवर फाटक, फाटकात टेगन.

अल्विननं इंजिन बंद केलं. फक्त श्वास घ्यायला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. शांतता इतकी होती की तापलेला पत्रा थंड होताना टक टक वाजत होता तेही मोठं वाटत होतं. शेजारच्या सीटवर कागदात बांधलेला पाव घसरून कोपऱ्यात गेला होता. बाकी सीट रिकामी होती. दोन वर्षं रिकामी होती. पलंगाची ती बाजू, जेवणाच्या टेबलाची ती खुर्ची, सगळंच रिकामं होतं, आणि आता अकरा किलोमीटर मागे कुणीतरी उन्हात, अनवाणी, रस्त्याच्या कडेला येऊन उभं होतं. वाट बघत. ती किती वेळ शुद्धीवर होती, हे डॉक्टरांना नक्की सांगता आलं नव्हतं. अल्विननं ते आकडे रोज रात्री लावून बघितले होते. एक तास, दोन तास, तीन.

फार काही नाही, तो विचार करू लागला. अकरा किलोमीटर जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा. अर्ध्या तासानं काय बिघडतंय? तिला घ्यायचं आणि सरळ टेगनकडे जायचं. टेगनला आई हवी आहे, ती स्वतःच म्हणाली. तळ्याकडे जायचं कारणच काय? तो माग दुसऱ्या कुणाचा. आपण थोडेच जाणार आहोत? आपलं डोकं ठिकाणावर आहे.

हे सगळं त्याला अगदी सरळ वाटलं. इतकं सरळ, की गाडी सुरू करून चाक पूर्ण फिरवताना तो हलकं शीळ घालत होता.

परत जाताना तळं डाव्या अंगाला आलं, तिच्या दाराच्या बाजूला. ऊन कलायला लागलं होतं. पावलांशी त्यानं गाडी थांबवली. चाकं चाकोरीत अचूक बसली, जराही मागेपुढे करावं लागलं नाही. त्या बाजूला माळावर कुणी नव्हतं. पांढरी पट्टी, तांबडी माती, दूरवर पसरलेलं खुरटं झुडूप. कुणीच नव्हतं. त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, दफनाच्या दिवशीही नाही.

त्यानं पाव उचलून मागे टाकला. वाकून हात लांबवला आणि डावं दार आतून उघडलं. उष्ण वारा आला, त्याबरोबर माशा आल्या. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला. मिनिट गेलं असेल. मग माशा एकदम उठल्या आणि सगळ्या बाहेर निघून गेल्या.

मातीवर काहीतरी घासलं. थांबलं. पुन्हा घासलं.

गाडी डाव्या बाजूला किंचित खाली बसली. दार आपल्या जागी येऊन हळूच लागलं.

अल्विननं तिकडे बघितलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात काही फिकं दिसत होतं, गुडघ्यावर ठेवलेल्या हातासारखं, आणि त्या हाताची बोटं मिठानं पांढरी झाली होती. थंडी वाजत होती त्याला. पण ती थंडी एकट्या माणसाची नव्हती, आणि त्याचे डोळे भरून आले.

फोन वाजला. टेगन.

"बाबा, बाळ झोपलंय आत्ता. मी चहा टाकू का? किती वेळ लागेल?" ती हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. "मी फाटकातच उभी आहे. धूळ दिसते का बघतेय."

गिअर पडला होता. गाडी हलू लागली होती. पुढची चाकं डावीकडे, तळ्याकडे गेलेल्या चाकोरीत उतरली, आणि स्टिअरिंग त्याच्या हातात सैल होतं. ते उजवीकडे ओढायचं, एवढंच करायचं होतं. हात होते, जोर होता. समोरच्या मिठावर उन्हाचं झळाळतं पाणी दिसत होतं, आणि त्यात शिरलेला माग. बाहेर आलेला एकही नव्हता.

"आलोच गं," अल्विन म्हणाला.